कोपऱ्यातला हात

प्रिय बंड्या,
अनेक आशीर्वाद.

कॉम्प्युटरवर मी जुन्या फोटोंची चिकटवही करत बसते, त्यावरून परवा फोनवर तू म्हणालास, "आई, उगाच कशाला डोळे फोडून घेतेस? सगळं क्लाउडवर आहे की." मागे पिल्लू रडत होतं आणि तुझी फोन ठेवायची घाई चालली होती, म्हणून मी काही बोलले नाही. पण मी गप्प बसले म्हणजे मला पटलं असं नसतं, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. तेव्हा आता सावकाश वाच.

पिल्लू सहा महिन्यांचं झालं आणि तुझ्या फोनवर नऊ हजार फोटो. म्हणजे दिवसाला पन्नास. आमच्या वेळी छत्तीसचा रोल असायचा आणि तो संपेपर्यंत धुवायला टाकायचा नाही, असा घरचा नियम. एकाच रोलवर तुझे दोन वाढदिवस निघालेले आहेत. ते काही फार भारी होतं असं मी म्हणत नाही. निम्म्या फोटोंत कुणाची तरी मुंडकी उडालेली असायची. पण प्रत्येक फोटोमागे काय घडलं ते कुणाला तरी सांगता यायचं. तुझ्या नऊ हजारांतला एखादा उचलून मी विचारलं की हा कधीचा, तर तू तारीख बघणार.

मी हे डिजिटल चिकटवहीचं वेड, म्हणजे कागदाऐवजी कॉम्प्युटरवरच पान करून त्यावर फोटो, मजकूर आणि सजावट मांडायचं, कसं लावून घेतलं, ते तुला नीट सांगितलेलंच नाही. ट्रंकेतले अल्बम काढले तिथून सुरुवात झाली. ते तेव्हा फार चालायचे तसले अल्बम, चिकट पान आणि वरून पारदर्शक प्लास्टिक. त्याचा डिंक आता पिवळा पडलाय आणि त्यानं फोटो असे धरून ठेवलेत की ओढले तर फाटतील. दात साफ करायचा धागा फोटोच्या मागून हळूहळू सरकवत गेलं की बरेचसे सुटतात. जे सुटले नाहीत ते मी पानासकट स्कॅन केले. तुझे बाबा स्कॅनरचं झाकण दाबून धरायला होते, आणि दर पाच मिनिटांनी "झालं का?" विचारायला.

गंमत म्हणजे आजोबांच्या तरुणपणीचे काळे-पांढरे फोटो अजून खणखणीत आहेत, आणि माझ्या कॉलेजातले रंगीत मात्र लालसर झालेत. काळ्या-पांढऱ्यात चित्र चांदीच्या कणांचं असतं, ते टिकतं. त्या काळच्या रंगीत कागदातला निळसर रंग मात्र अंधारात ठेवला तरी आधी विटतो, मग मागे तांबूसपणा उरतो. आम्ही "उन्हात ठेवू नका" म्हणत कपाटात कोंबले आणि ते तिथेच विटले. डिंकाचं दुखणं त्याहून जुनं. मार्क ट्वेन या लेखकानं १८७३ साली चक्क चिकटवहीचं पेटंट घेतलं होतं. पानांना आधीच डिंक लावलेला, फक्त ओला करायचा आणि कात्रण दाबायचं. मला तर तो बाबांसारखाच वाटला. पसारा आवरायचाय, पण हात खराब करायचे नाहीत.

आता मुद्द्याचं. तो तीनचाकी सायकलवरचा फोटो तुला आठवतो का? तू चार वर्षांचा, तोंड वासून रडतोयस, एक चप्पल पायात आणि एक गायब. साडेतीन बाय पाच इंचांचा प्रिंट. मागे आजोबांनी बॉलपेननं '९३' लिहिलंय आणि ते इतकं दाबून की पुढून तुझ्या गालावर उमटलंय. (तू कधी फोटोमागे लिहिलंस तर मऊ पेन्सिलीनं, तेही कडेला.) मी तो सहाशे डीपीआयला, इंचाला सहाशे ठिपके धरून, स्कॅन केला. म्हणजे २१०० बाय ३००० ठिपके झाले. माझं पान बारा इंची चौरस, छापायला तीनशेचा हिशेब धरला तर ३६०० बाय ३६००. एवढ्याशा फोटोनं पानाचा मोठा भाग व्यापला तरी तो फुटत नाही.

एक टेम्प्लेट, म्हणजे पानाची तयार मांडणी घेतली, त्यात मधोमध चौकट होती. चौकटीत फोटो बसवायचा म्हणजे क्लिपिंग मास्क लावायचा, की चौकटीबाहेरचं दिसेनासं होतं. तुझा चेहरा मध्यभागी आणला. झकास दिसलं. फक्त डाव्या कोपऱ्यात सायकलच्या सीटला धरलेला एक हात होता, तो चौकटीबाहेर गेला. मला त्यात काही गैर वाटलं नाही. उलट नीटनेटकं वाटलं.

पान घरच्या ग्रुपवर टाकलं आणि सोबत मूळ स्कॅनही. दहा मिनिटांत आत्याचा फोन. "पान छान आहे गं, पण मूळ फोटोत तो हात कुणाचा?" मी तिला म्हटलं, "तुझ्या दादाचा असेल." ती म्हणाली, छे, धाकट्याचा. धाकट्या काकाला विचारलं तर तो म्हणाला, मी तेव्हा इथे नव्हतोच. मग मी फोटो मोठा करून पाहिला. मनगटावर घड्याळाचा पट्टा, आणि बक्कल वरच्या बाजूला. म्हणजे डायल आतल्या बाजूला. अजून स्पष्ट दिसेल म्हणून बाराशेलाही स्कॅन करून पाहिलं, पण त्या कागदात त्याहून जास्त काही नव्हतंच, नुसते दाणे मोठे झाले. बक्कल मात्र पहिल्यापासून दिसत होती. घड्याळाची डायल आत फिरवून आपल्या घरात एकच माणूस घालायचा. काचेवर ओरखडे पडतात म्हणून.

मग मी चारही अल्बम पुन्हा चाळले. आजोबा एकूण सात फोटोंत आहेत, त्यांतल्या तीनात पाठमोरे. घरातला कॅमेरा त्यांचा, त्यामुळे ते कायम कॅमेऱ्याच्या मागे. हा फोटो वाकडा आलाय, कारण तो मी काढलाय. त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला आणि स्वतः सायकल धरायला गेले. आणि मी पठ्ठी तोच हात कापायला निघाले होते.

मास्कचं एक बरं असतं, त्यात खरोखर काही कापलं जात नाही. फोटो खाली अख्खाच्या अख्खा असतो, नुसता सरकवला की झाकलेलं परत येतं. मी चौकट काढूनच टाकली. आता फोटो पूर्ण आहे, आणि तुझ्या रडक्या तोंडाऐवजी हात मध्यभागी आहे.

सजावटीबद्दल थोडं, कारण सूनबाईला करून बघायचंय म्हणालास. माझ्या पहिल्या पानावर अकरा बटणं, चार फिती आणि एक फुलपाखरू होतं. फोटो शोधावा लागत होता. सावल्या तर अशा की एका फोटोची डावीकडे आणि दुसऱ्याची उजवीकडे, जणू दोन सूर्य उगवलेत. या छंदातल्या एका जुन्या बाईंनी मला समजावलं. उजेड एकाच बाजूनं धर. कागदाची सावली अगदी चिकटून आणि बारीक, बटण जाड असतं म्हणून त्याची जरा लांब. एवढ्यानं पान एकदम खरं वाटायला लागतं. ही माणसं एकमेकांना हातचं राखून शिकवत नाहीत, ते मला फार आवडलं. दुसऱ्याच्या पानाची मांडणी आवडली तर तशीच उचलून आपले फोटो घालायचे, त्याला ते 'स्क्रॅपलिफ्ट' म्हणतात, आणि कुणाची उचलली तिचं नाव लिहायचं. तेवढं केलं की कुणी चोरी म्हणत नाही. किटचं मात्र तसं नाही. कागद, फिती, अक्षरं असं जे एकत्र मिळतं ते बहुतेक वेळा ज्यानं घेतलं त्याच्याच घरगुती वापरासाठी असतं. तेव्हा सूनबाईला माझी किट पुढे पाठवून देणार नाही. तिनं तिची घ्यावी. रागावू नका म्हणावं.

ते लोक एकमेकांना आव्हानंही देतात. एकदा ठरलं, एकही फोटो नसलेलं पान करायचं. मी आठवडाभर अडले. मग ट्रंकेत तुझी एक जुनी वही सापडली. तिच्या शेवटच्या पानावर तुझ्या तापाच्या नोंदी आहेत, आजोबांच्या अक्षरात. रात्री ११ ला १०३, १ ला १०२.६, ३ ला पुन्हा १०३, ५ ला १००. शेवटच्या आकड्याखाली दोन रेघा. त्या रात्री फोटो काढायचं कुणाच्या डोक्यात येणार? आपल्या चारही अल्बमांत कुणी आजारी नाही, कुणी भांडत नाही, कुणी नुसतं बसलेलंसुद्धा नाही. सगळे नवे कपडे घालून उभे. ते वहीचं पान मी स्कॅन केलं, खाली तीन ओळी लिहिल्या आणि एकही बटण लावलं नाही. आजवर केलेल्या पानांत मला तेच सगळ्यात जवळचं आहे.

एक माझा गाढवपणाही सांगते. सुरुवातीची बारा पानं मी नुसती जेपीजी म्हणून ठेवली. फोटो, अक्षरं, सजावट हे एकावर एक ठेवलेले सगळे थर एकजीव झाले. मग आत्यानं एका पानावरचं नाव चुकलंय म्हणून सांगितलं, तर ते बदलताच येईना. अख्खं पान नव्यानं करावं लागलं. आता थरांची फाइल वेगळी जपते आणि लोकांना दाखवायला जेपीजी काढते. जेपीजी उघडून, बदलून पुन्हा जेपीजीत साठवली की दर वेळी थोडी झिजते, हेही तेव्हाच कळलं.

आता तुझ्या क्लाउडकडे येते. क्लाउड वाईट नाही, मीही वापरते. पण ती एकच प्रत झाली. फोनवर पुसलं की बहुतेक ठिकाणी तिथूनही जातं, आणि काही दिवसांनी कायमचं. पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकारानं रूढ केलेला एक हिशेब आहे, तीन-दोन-एक. प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. माझी थरांची फाइल कॉम्प्युटरवर, दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि तिसरी तुझ्या लाडक्या क्लाउडवर. एके काळी मी सगळं सीडीवर उतरवून निर्धास्त झाले होते. आज त्यांतल्या निम्म्या वाचल्या जात नाहीत, आणि ज्या वाचल्या जातील त्या घालायला आताच्या कॉम्प्युटरला खाचच नाही.

आणि पिल्लूचे फोटो मला मेसेजमधून पाठवत जाऊ नकोस. ते दाबून लहान होऊन येतात आणि कधी काढले ती आतली नोंदही पुसली जाते. मूळ फाइल पाठव. स्कॅनची गत तर याहून मजेशीर. कॉम्प्युटर त्यावर स्कॅन केल्याची तारीख टाकतो, त्यामुळे माझ्याकडे आजी-आजोबांचं लग्न गेल्या गुरुवारी झालेलं होतं. म्हणून मी फाइलच्या नावातच आधी साल, मग महिना, मग दिवस लिहिते. दिवस माहीत नसेल तर सालावर थांबते.

नऊ हजार फोटो पुसून टाक असं मी सांगत नाही. महिन्याला दहा निवड. प्रत्येकाखाली एक ओळ लिही. 'किती गोड' असली नको, ते दिसतंच. फोटो कुणी काढला आणि त्याच्या आधी काय चाललं होतं, ते लिही. आणि कधीतरी फोन सूनबाईच्या हातात दे. सहा महिन्यांत तू मला एकाही फोटोत दिसला नाहीस.

सायकलचं पान अजून पुरं झालेलं नाही. आत्या म्हणते, सायकल तिच्या लेकीची होती आणि आता उतरायला लागणार म्हणून तू भोकाड पसरलंस. मी म्हणते, तू पडायला घाबरला होतास, म्हणून तर आजोबा धरायला धावले. दोन्ही म्हणणी पानावर लिहिली आहेत, माझं वर आणि तिचं खाली. (वर कुणाचं, यावरूनही एकदा झालंच.) उजवीकडे तुझ्यासाठी जागा सोडली आहे, साधारण नऊ ओळींची. टाइप करून पाठवू नकोस. कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या पेननं लिही आणि नीट उजेडात त्याचा फोटो काढून पाठव. तो थर मी 'मल्टिप्लाय'वर, म्हणजे खालच्या थरात मिसळायच्या एका पद्धतीवर, ठेवला की कागदाचा पांढरा रंग निघून जातो आणि नुसतं तुझं अक्षर पानावर उतरतं. काहीच आठवत नसेल तर आठवत नाही असं लिही. चप्पल कुठे गेली ते आठवलं तर तेही.

पिल्लूला पापा.

तुझी
आई

ता. क. पेन्सिलीनं लिहू नकोस, फिकट येतं. आणि अक्षर मुद्दाम सुधारू नकोस.