वारसा मार्ग आखताना व्हीलचेअर आधी फिरवा

महोदय,

एप्रिलच्या चार दिवसांत ठाण्याच्या वाट्याला तीन तारखा आल्या आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी गाडी सुमारे ३४ किलोमीटर धावून ठाण्यात थांबली. १९ एप्रिल १९१० रोजी नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाच्या प्रकरणात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. या दोहोंच्या मधला १८ एप्रिल हा जागतिक वारसा दिन. तरीही बाहेरगावचा माणूस येथे उतरतो तो गाडी बदलायला, फार तर तलावपाळीवर, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठी, काही खायला. मासुंदा तलावापासून कारागृहाच्या तटापर्यंतचा जुना भाग वारसा मार्ग म्हणून पर्यटकांसमोर ठेवावा, ही कल्पना काही नवी नव्हे. मला सुचवायचे आहे ते एवढेच की, हा मार्ग ठरवताना वास्तूच्या वयाआधी, तिच्यापर्यंत व्हीलचेअर विनासायास पोहोचते की नाही, हे पाहिले जावे.

हा आग्रह घरच्या अनुभवातून आला आहे. माझी पत्नी गेली तीन वर्षे व्हीलचेअरवर आहे. नौपाड्यातून तलावपाळीला पूर्वी आम्ही गप्पा मारत पायी जात असू. आता तेवढ्याच अंतरासाठी रिक्षा करावी लागते, कारण पदपथ मध्येच वीतभर उंच होतो, पुढे एखाद्या दुकानाच्या पायरीपाशी किंवा विजेच्या डीपीपाशी संपतो, आणि दुचाकी चढू नयेत म्हणून रोवलेले खांब दुचाकींना वाट देऊन खुर्चीला तेवढी नेमकी अडवतात.

वास्तूंची उणीव नाही. मासुंद्याच्या एकाच परिसरात कौपिनेश्वराचे मंदिर आणि पोर्तुगीज काळापासूनचे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आहे. मंदिराची आजची वास्तू सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी १७६० च्या सुमारास उभारलेली. थोडे पुढे, टेंभी नाक्याच्या बाजूला, बेने इस्रायल या ज्यू समाजाचे १८७९ सालचे ‘शाआर हशामाईम’ सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) आहे; शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या कोकणातील ‘शनवार तेल्यां’ची ही खूण पुष्कळ ठाणेकरांनीही पाहिलेली नसेल.

शेवटी किल्ला. पोर्तुगीजांनी तो १७३० च्या सुमारास बांधायला घेतला आणि पुरा होण्याआधीच, १७३७ मध्ये, मराठ्यांनी जिंकला. १७७४ च्या अखेरीस तो इंग्रजांकडे गेला आणि १८३३ पासून तेथे कारागृह आहे. त्यामुळे किल्ला आतून पाहण्याचा जो सरळ मार्ग उरतो, तो कोणी सज्जन पत्करणार नाही; पण तट आणि बुरूज बाहेरूनही दिसतात. याच किल्ल्यातून सप्टेंबर १८१६ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेतून निसटले. त्यांच्या खिडकीखाली घोड्याला खरारा करणारा एक मराठा मोतद्दार गाणी म्हणत असे आणि त्या गाण्यांतूनच सुटकेचा बेत वर पोहोचला. पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना मराठी कळत नव्हते, अशी हकीकत त्या काळापासून सांगितली जाते. ही गोष्ट मुळातच कानांनी घ्यायची आहे. तटाजवळ एखादा ध्वनिफलक बसवला, तर ज्याला बुरूज दिसत नाही त्यालाही ती पाहणाऱ्याइतकीच मिळेल. ब्रेल फलक आणि हात फिरवून समजेल असा किल्ल्याचा लहान नमुना यांचाही विचार व्हावा.

तांत्रिक बाजू अवघड नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती आणि ती २०२२ मध्येच उलटली. उताराचा चढ जास्तीत जास्त १:१२ असावा, असे सांगितले आहे. म्हणजे १५ सेंटीमीटर उंचीचा पदपथ उतरवायला १.८ मीटर लांबीचा उतार पुरतो. पदपथाची मोकळी रुंदीही किमान १.८ मीटर असावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक आहे. अंध व्यक्तींसाठीच्या उंचवट्यांच्या पिवळ्या लाद्या आपल्याकडे बसवल्या जातात खऱ्या, पण रेघांची लादी ‘चला’ आणि ठिपक्यांची ‘थांबा’ सांगते, हे बसवणाऱ्याला ठाऊक नसते, आणि मग ती वाट थेट विजेच्या खांबाला जाऊन भिडते.

मार्गाचा आरंभ रेल्वे स्थानकापासूनच व्हावा, असे कोणालाही वाटेल. १८५३ चे नाव घ्यायचे तर ते साहजिकही आहे. मला मात्र ते आज शहाणपणाचे वाटत नाही. स्थानकाबाहेरच्या सॅटिस या उन्नत मार्गाखालची गर्दी आणि जांभळी नाक्यापर्यंतचा बाजार यांतून खुर्ची न्यायची, तर भाजीवाल्यांना हटवण्याची भाषा सुरू होईल आणि सगळी योजना त्याच वादात अडकेल. तो बाजार हाही जुन्या ठाण्याचा भाग आहे. म्हणून आरंभ मासुंद्याच्या काठी करावा आणि स्थानकापासून तेथवर रिक्षा किंवा बसने येण्याची सोय स्पष्ट लिहून ठेवावी. वाटेत सावलीतली बाकडी आणि व्हीलचेअर आत जाईल असे, कुलूप नसलेले स्वच्छतागृह हवे. माहितीपत्रकात कुठे किती पायऱ्या आहेत, सिनेगॉगला आधी परवानगी घ्यावी लागते का, मंदिराच्या गाभाऱ्यापर्यंत खुर्ची जाते का, हे न लपवता छापावे. एवढी माहिती आधी मिळाली, तर वृद्ध आई-वडिलांना घेऊन पुण्या-नाशिकहून येणारे कुटुंबही धीर करील. आणि असे कुटुंब आले की चार-पाच जण येतात, जेवतात, एखादे वेळी मुक्कामही करतात.

महापालिकेने नकाशा काढण्यापूर्वी अभियंत्यांना एका सकाळी मासुंद्यापासून कारागृहापर्यंत चालत न्यावे, सोबत व्हीलचेअरवरील एक आणि पांढरी काठी वापरणारी एक व्यक्ती असावी, आणि जेथे जेथे अडेल तेथे खडूने खूण करावी. यासाठी येत्या १६ एप्रिलची सकाळ निवडल्यास आम्ही दोघे सात वाजता तलावपाळीवर हजर राहू. खुर्ची आमची आहे, खडूही मी आणीन.

– एक ज्येष्ठ नागरिक, नौपाडा, ठाणे (पश्चिम)