राउटरवरचा लाल दिवा

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "जाऊ दे, मी आता त्या कॉम्प्युटरला हातच लावत नाही." तुम्ही सहज बोललात, पण मी दोन दिवस तेच मनात घेऊन बसले आहे. सायकलची उतरलेली चेन कशी चढवायची, रेडिओ उघडून आतली धूळ कशी झटकायची, हे मला तुम्ही शिकवलंत. त्याच माणसाने हात मागे घ्यावा हे मला बघवत नाही. आणि त्याला कारण मी आहे.

मागच्या महिन्यात इंटरनेट बंद पडलं तेव्हा मी कामाच्या गडबडीत "राउटर रिसेट करा" एवढंच बोलून फोन ठेवला. तुम्ही चष्मा लावलात, राउटर उलटा केलात, बारीक छिद्राशेजारी 'रिसेट' लिहिलेलं वाचलंत आणि पिनेचं टोक आत घालून दाबून धरलंत. सांगितलं तेच केलंत. मला म्हणायचं होतं 'रिस्टार्ट', म्हणजे बटण बंद करून पुन्हा चालू करणं. छिद्रातला रिसेट राउटरची सगळी पाटी कोरी करतो: वायफायचं नाव, पासवर्ड आणि कनेक्शन देणाऱ्यांनी आत भरलेला तुमचा आयडीसुद्धा. माणूस येऊन ते परत भरेपर्यंत दोन दिवस गेले, आणि वर मीच तुम्हाला विचारलं, "असं कशाला केलंत?" बाबा, चूक माझ्या शब्दाची होती. तुमच्या हातून काहीही बिघडलेलं नाही.

म्हणून या वेळी घाई न करता, कागदावर लिहिते आहे. हे पत्र कॉम्प्युटरच्या खणातच ठेवा.

नेट गेलं की आधी एकच प्रश्न विचारायचा: फक्त कॉम्प्युटरचं गेलंय की घरातल्या सगळ्यांचं? आईचा मोबाइल घ्या, त्यावरचा मोबाइल डेटा बंद करा, फक्त वायफाय चालू ठेवा आणि एखादी साइट उघडा. डेटा बंद करायला विसरू नका. वायफाय मेलेलं असलं तरी फोन गुपचूप सिमच्या डेटावर जातो आणि "मोबाइलवर तर चालतंय" असं वाटून आपण उगाच कॉम्प्युटरशी झटत बसतो. मोबाइलवरही वायफायने काही उघडलं नाही, तर कॉम्प्युटरला हात लावायची गरजच नाही. दोष राउटरमध्ये किंवा त्याच्या बाहेर आहे.

मग राउटरचे दिवे बघा. माझ्या मते अर्धं उत्तर तिथेच असतं. 'पॉवर' लागलेला हवा. 'पॉन' स्थिर हिरवा हवा. तो लुकलुकत राहिला तर राउटर पलीकडच्या यंत्राशी जुळायची धडपड करतोय असं समजा. आणि 'एलओएस' नावाचा दिवा एरवी विझलेला असतो. तो लाल लुकलुकायला लागला की बाहेरून येणारा प्रकाशच आपल्यापर्यंत पोचत नाहीये. हो, प्रकाशच. त्या बारीक पिवळ्या किंवा पांढऱ्या वायरीत तांबं नाही, काचेचा तंतू आहे. त्याची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे साधारण केसाएवढी. त्यातून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश धावतो. वायर कपाटामागे चेपली, खिळ्याभोवती करकचून वळली, तर प्रकाश त्या वळणावरच बाहेर निसटतो. म्हणून आई, झाडताना ती वायर ओढली गेलीय का, टेबलाच्या पायाखाली आलीय का, एवढं बघ. वळण मोकळं, वाटोळं असू दे. टोक मात्र काढू नका आणि त्यात डोकावून बघू नका. तो प्रकाश दिसत नसला तरी डोळ्याला बरा नाही. वायर मोकळी करूनही लाल दिवा गेला नाही, तर सरळ कनेक्शनवाल्यांना फोन करा आणि "एलओएस लाल आहे" एवढंच सांगा. मग ते तुम्हाला कॉम्प्युटर बंद-चालू करायला लावणार नाहीत.

एक काम आजच करा. नेट व्यवस्थित चालू असताना राउटरचा समोरून फोटो काढून ठेवा. कुठले दिवे लागलेले, कुठले विझलेले, कुठल्या रंगाचे, हे बिघाड झाल्यावर आठवत नाही. मलाही माझ्या राउटरचं आठवत नाही. फोटो असला की शेजारी धरून फरक दिसतो.

दिवे सगळे ठीक असूनही घरात कुठेच नेट नसेल, तर प्लॅनची मुदत संपलीय का तेही बघा. तेव्हा दिवे हिरवेगारच राहतात, फक्त साइट उघडत नाहीत किंवा पैसे भरायचं पान समोर येतं.

आता तो रिस्टार्ट. राउटरचं बटण बंद करा, अ‍ॅडॉप्टर भिंतीच्या सॉकेटमधून काढा आणि अर्धा मिनिट थांबा. तेवढ्यात आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेला विजेचा अंश संपतो आणि राउटरची तात्पुरती स्मृती खरोखर पुसली जाते. पटकन काढून पटकन लावलं तर कधी कधी जुनाच गोंधळ तसाच राहतो. परत लावल्यावर दोन-तीन मिनिटं त्याला त्रास देऊ नका. दिवे एकेक करून लागतील. यात पासवर्ड, आयडी काहीही जात नाही, त्यामुळे हे दिवसातून दहा वेळा केलंत तरी चालेल.

समजा मोबाइलवर वायफाय चालतंय आणि फक्त कॉम्प्युटर अडलाय. तर आधी उजव्या कोपऱ्यात घड्याळाजवळचं चिन्ह बघा. विमान दिसलं तर एअरप्लेन मोड चुकून दाबला गेलाय, तो काढा. पृथ्वीचा गोळा दिसला तर जोडणी नाही किंवा नेट नाही. राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंतची लॅनची वायर वापरत असाल तर ती दोन्ही टोकांना 'टक्' असा आवाज येईपर्यंत बसवा. त्या प्लास्टिकच्या टोकावरचा छोटा खटका मोडलेला असेल तर वायर आत दिसते, पण हळूहळू सरकून बाहेर येते. असा खटका मोडलेली वायर बदलूनच टाकायची. चिकटपट्टीने ती टिकत नाही.

वायफाय असेल तर आपल्या नेटवर्कच्या नावावर 'फर्गेट' करा आणि पासवर्ड नव्याने घाला. लहान-मोठं अक्षर नीट बघा. आपल्याकडे एकाच राउटरची दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी '५जी' आहे. त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही. तो ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा. त्याचा वेग चांगला, पण भिंतीपलीकडे तो लवकर दमतो. आतल्या खोलीत बसलात तर दुसरं, २.४ गिगाहर्ट्‌झचं नाव निवडा.

बाबा, पुढचं खास तुमच्यासाठी, कारण तुम्हाला कुठे अडलंय ते स्वतः शोधून काढायला आवडतं. विंडोजची कळ आणि 'आर' एकत्र दाबा, 'सीएमडी' टाइप करून एंटर मारा. काळी खिडकी उघडेल. तिथे 'पिंग' लिहून, एक जागा सोडून, राउटरच्या तळाला चिकटवलेला त्याचा आकडा लिहा. बहुधा तो १९२.१६८.१.१ असतो. (आकडे इंग्रजी टाइप करायचे.) कॉम्प्युटर चार वेळा हाक मारतो. 'रिप्लाय' असं चारदा आलं, तर राउटरपर्यंतचा रस्ता साफ आहे. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं, तर उत्तर नाही. कधी 'रिप्लाय'ने सुरू झालेल्या ओळीच्या शेवटी 'अनरीचेबल' असतं. ते उत्तर धरू नका, तो नकार आहे.

राउटरने उत्तर दिलं की पुढची हाक ८.८.८.८ ला. हा गूगलच्या एका सेवेचा आकडा, साइटच्या नावावरून तिचा आकडा सांगणारी ही सेवा २००९ पासून चालू आहे. तिथूनही उत्तर येतंय आणि तरी साइट उघडत नाही, तर रस्ता शाबूत आहे, फक्त नावाचा आकडा करून देणारी डीएनएस अडलीय. पूर्वी जोडलेल्या सगळ्या कॉम्प्युटरांची नावं आणि आकडे एका फाइलमध्ये लिहून ठेवत. ती फाइल वाढत गेली तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची पद्धत आखली, म्हणजे ती यादी अनेक कॉम्प्युटरांत वाटून दिली. आपण नाव टाइप करतो, डीएनएस आकडा शोधून आणते, मग साइट उघडते. ती अडली तर बहुतेक वेळा राउटरच्या रिस्टार्टने सुटते. नाहीच सुटली तर मला सांगा, दुसरा डीएनएस कसा घालायचा ते आपण मिळून करू.

आणि सेटिंग्जमध्ये कॉम्प्युटरचा आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे त्याचा नेटवर्कवरचा आकडा, १६९.२५४ ने सुरू होताना दिसला, तर राउटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही. वाट बघून त्याने आपला आपण एक घेतलाय. अशा पत्त्यावर बाहेर जाता येत नाही. आधी राउटर, मग कॉम्प्युटर, असे दोन्ही रिस्टार्ट करा.

आई, तुझी आठवण काढल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. गेल्या वर्षी सगळं जोडलेलं असूनही प्रत्येक साइट 'सुरक्षित नाही' म्हणत होती. मी फोनवरून तासभर काय काय करून पाहिलं, आणि तू मागे उभी राहून म्हणालीस, "अगं, यात तारीख कितीतरी वर्षं जुनी दिसतेय." तेच होतं. प्रत्येक साइटच्या सुरक्षेच्या दाखल्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. कॉम्प्युटरला वर्षच चुकीचं वाटलं, की त्याच्या लेखी दाखला अजून लागूच झालेला नसतो. बंद असतानाही घड्याळ चालवणारा एक गोल सेल आत असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. तो संपला होता. पुन्हा तसं झालं तर आधी तारीख बघायची, हे आता मी तुझ्याकडून शिकले आहे.

सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क रिसेट' असंही एक बटण सापडेल. ते मला विचारल्याशिवाय दाबू नका. आणि नेट बंद असताना कोणी आपणहून फोन करून "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, हे अ‍ॅप टाका, आम्ही इथून दुरुस्त करतो" असं म्हणालं, तर एक शब्दही न बोलता फोन ठेवा. ओटीपी तर कोणालाच नाही. तो माणूस कितीही गोड बोलला, तुमचं नाव-पत्ता त्याला माहीत असला, तरी नाही. या एका गोष्टीची मला खरी भीती वाटते. बाकी सगळं दुरुस्त होतं.

रविवारी सकाळी मी मोकळी आहे. नेट चालू असतानाच आपण एकदा फोनवर हे सगळं करून बघू. बाबा, तुम्ही राउटर बंद करा, अर्धा मिनिट मोजा, चालू करा आणि कुठला दिवा कधी लागतो ते मला सांगत राहा. मी लिहून घेईन. मधे बोलणार नाही, घाई करणार नाही. आणि तोवर त्या पिनेच्या छिद्रावर चिकटपट्टीचा एक तुकडा लावून ठेवा.

तुमची,
लेक