आजीबाई, पण कोणाच्या?

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात शर्यतीची बातमी वाचली. मथळा 'आजीबाई सुसाट!' बाई 61 वर्षांच्या, दहा किलोमीटर पळाल्या, आणि त्यांचं नाव सापडतं चौथ्या ओळीत. त्याच बातमीतले 68 वर्षांचे गृहस्थ मात्र 'ज्येष्ठ धावपटू'. त्यांना 'आजोबा सुसाट' म्हणायला आपल्या उपसंपादकांची जीभ रेटली नाही वाटतं.

शब्द मायेचा आहे, हे कृपा करून मला सांगू नका. माझा नातू मला 'आज्जे' म्हणतो, ताट वाढायला उशीर झाला तर 'ए म्हातारे'सुद्धा म्हणतो. त्याला मुभा आहे. पण आपल्याकडे बहुतेक घरांत आजोबांना 'अहो' आणि आजीला 'अगं'. परका माणूस आजी म्हणतो तो त्या अगं-तुगंसकट, आणि गोम तिथंच आहे.

एप्रिलमध्ये मुदत ठेवीच्या व्याजावर कर कापू नये म्हणून 15 एचचा फॉर्म द्यायला बँकेत गेले होते. काचेपलीकडचा मुलगा म्हणाला, "आजी, तुला नाही जमायचं हे, मुलाला पाठव." जन्म लेखा विभागात गेला माझा! त्याच्या वयाच्या किती पोरांना मी ताळेबंद जुळवायला शिकवलं असेल. माझ्या मागं उभे असलेले गृहस्थ माझ्याहून चांगले सात-आठ वर्षांनी मोठे, केस तेवढे काळे केलेले. त्यांना काय म्हणाला? "या काका, बसा." म्हणजे सत्तरीचा पुरुष काका आणि त्रेसष्टची बाई आजी. फॉर्म मी तिथंच उभ्यानं भरला आणि त्यांनी खोडलेला रकानाही दुरुस्त करून दिला. काकांचा, माझा नव्हे.

2007 चा कायदा साठीला 'ज्येष्ठ नागरिक' म्हणतो. एसटी पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट नेते, तीही 'अमृत ज्येष्ठ नागरिक' म्हणून. सरकारला जमतं ते आपल्याला का जमू नये? मुरबाड तालुक्यातल्या फांगण्यात 2016 साली महिलादिनी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. गुलाबी साड्या नेसून, दप्तर घेऊन बायका अक्षरं गिरवायला बसल्या. तिथं तो शब्द शोभतो, कारण गावच त्यांचं. आपल्या वार्ताहराचं त्या धावणाऱ्या बाईंशी काय नातं?

पुढच्या खेपेला मथळ्यात नाव घाला. जागा पुरत नसेल तर उद्गारचिन्ह काढा.

ता. क. : शब्दकोड्याची चौकट गेल्या महिन्यापासून इतकी बारीक केली आहे की भिंग घेऊन बसावं लागतं. आणि सोमवारच्या कोड्याचं उत्तर मंगळवारी नव्हतं, बुधवारीही नव्हतं. ते कधी छापणार?

आपली,
एक निवृत्त लेखापाल, सातारा