आजाऱ्याची लायकी कोण ठरवणार?

प्रिय विनय,

तुझा मेसेज वाचला, पण दोन ओळीत उत्तर देणं काही जमेना म्हणून हे लांबलचक पत्र. तू विचारलंस की ज्याने वर्षानुवर्षं दारू पिऊन स्वतःचं लिव्हर घालवलं त्याच्या ट्रान्सप्लांटचा बोजा बाकीच्यांनी का उचलायचा, आणि वर असंही लिहिलंस की आपण प्रोटेस्टंट लोक तरी वैयक्तिक जबाबदारी मानतो ना. मानतो रे, पण त्यावरून तू जिथे पोचतोस तिथे मी पोचत नाही. तारण, म्हणजे मुक्ती, देवाच्या कृपेने मिळतं, कमाईने नाही, हा आपल्या विश्वासाचा गाभाच मला आड येतो. देवासमोर मी लायकीचा दाखला घेऊन उभा राहत नाही, मग हॉस्पिटलच्या दारात दुसऱ्याकडे तो कुठल्या तोंडाने मागू?

डोनर लिव्हर कमी आणि वाट बघणारे जास्त, त्यामुळे हे लिव्हर याच्या शरीरात टिकेल का, हा परत प्यायला लागेल का, हे डॉक्टरांनी विचारायलाच पाहिजे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. बऱ्याच सेंटर्सनी 6 महिने दारू बंद असण्याची अट ठेवली होती, त्या आकड्यामागचा पुरावा कच्चा आहे असं त्या क्षेत्रातलेच लोक म्हणतात, आणि तीव्र अल्कोहोलिक हिपॅटायटिसमध्ये, म्हणजे दारूमुळे लिव्हरला येणाऱ्या जोरदार सुजेत, औषधाला दाद न देणारा पेशंट बहुतेक वेळा तेवढे 6 महिने जगतच नाही. तरी तो प्रश्न निदान वैद्यकीय आहे. 'याने स्वतःच ओढवून घेतलं' हे मात्र शिक्षा सुनावणं झालं, आणि तो अधिकार पेशंट निवडणाऱ्या कुठल्याच कमिटीला नाही.

बायोएथिक्समध्ये, म्हणजे वैद्यकातल्या नीतिशास्त्रात, 1979 पासून बोशाम्प आणि चिल्ड्रेस या अभ्यासकांची चार तत्त्वं शिकवतात, पेशंटची स्वायत्तता, अपाय न करणं, भलं करणं आणि न्याय. सॉलिडॅरिटी, म्हणजे एकमेकांच्या पाठीशी उभं राहणं, त्यात नाही. ती युनेस्कोच्या 2005 च्या बायोएथिक्सवरच्या जाहीरनाम्यात कलम 13 मध्ये येते, आणि 2011 मध्ये नफील्ड कौन्सिल या ब्रिटनमधल्या बायोएथिक्सच्या संस्थेसाठी प्रेनसॅक आणि ब्युक्स यांनी रिपोर्ट लिहिला त्यात तिचा अर्थ असा धरलाय की दुसऱ्याला मदत करण्यासाठी स्वतः किंमत मोजायची तयारी, आणि तीही एकत्र मिळून. मला हे पटतं, कारण नुसतं वाईट वाटून घ्यायला काहीच किंमत पडत नाही.

किंमत मोजणं म्हणजे काय ते बघायचं तर 1527 चं जर्मनीतलं विटेनबर्ग बघ. प्लेग आला, युनिव्हर्सिटी येनाला हलवली, प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरलाही निघायला सांगितलं होतं, बायको गरोदर, तरी तो राहिला आणि त्याच्या घराचंच हॉस्पिटल झालं. त्याच काळात ब्रेस्लाउ शहरातले पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, हेस यांनी विचारलं होतं की ख्रिस्ती माणसाने प्लेगमधून पळावं का, त्याला ल्यूथरने दिलेलं उत्तर मी कितीदा वाचलं असेल. तो सगळ्यांना हिरो व्हायला सांगत नाही. ज्याच्यावाचून कुणाचं अडत नाही त्याने खुशाल जावं म्हणतो, पण पाळक, अधिकारी, आजाऱ्याची जबाबदारी असलेला माणूस, यांनी दुसरी सोय केल्याशिवाय जागा सोडायची नाही. आणि औषध घ्या, घराला धुरी द्या, जिथे तुमची गरज नाही तिथे उगाच जाऊ नका, शेजाऱ्याला गरज पडली तर मात्र जा. आजार लपवून इतरांत मिसळणाऱ्याला तर तो सरळ खुनी म्हणतो. म्हणजे बघ, लांब राहणं आणि जवळ जाणं, दोन्ही शेजाऱ्यासाठीच!

आपल्याच लोकांनी हे सोडून दिलं तेव्हा काय झालं तेही लिहितो, कारण ते लपवायचं नाही. 1931 मध्ये जर्मनीत ट्रेइझाला इनर मिशन या प्रोटेस्टंट सेवासंस्थेच्या तज्ज्ञांची बैठक झाली आणि तिथे आनुवंशिक दोष मानल्या गेलेल्या लोकांच्या नसबंदीला अनुकूल भूमिका घेतली गेली. ही माणसं दुष्ट नव्हती, आजाऱ्यांची सेवा करणारीच होती, पण समाजावर कोण बोजा आहे याचा हिशोब त्यांच्या डोक्यात शिरला होता. पुढे नाझी सरकारने टी-4 नावाच्या हत्यांच्या मोहिमेत 1941 च्या ऑगस्टपर्यंत 70,000 हून जास्त अपंग आणि मनोरुग्ण मारले. 1940 मध्ये पाळक ब्राउने यांनी त्याविरुद्ध सविस्तर निवेदन दिलं आणि गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यांना अटक केली. म्हणून 'बोजा' हा शब्द तुझ्या मेसेजमध्ये दिसला तेव्हा मी दचकलो. तुझ्या मनात तसं काही नाही हे मला माहीत आहे.

एका बाबतीत मी तुझ्या बाजूने आहे. बायबलमधल्या गलतीकरांस पत्रात पौल एकमेकांची ओझी वाहा म्हणतो, आणि तिथेच, तीनच वचनं पुढे, प्रत्येकाने आपला भार आपणच वाहावा असंही म्हणतो. जिवंत नातेवाईकाने लिव्हरचा तुकडा द्यायचा की नाही, हे त्याचं त्यानेच ठरवायचं. सॉलिडॅरिटीच्या नावाखाली घरच्यांनी, चर्चने, कुणीच त्याच्यावर दबाव आणायचा नाही, आणि तो नाही म्हणाला तर त्याच्याशी वागणं तसूभरही बदलायचं नाही. पण इन्शुरन्सचा पैसा, आयसीयूतला बेड, नर्सचा वेळ हे आपण सगळ्यांनी मिळून उभं केलेलं आहे, तिथे 'आपला भार आपणच' हा नियम लावू नकोस.

तुमच्या कमिटीत यावर तू काय बोललास ते सविस्तर लिही, मला वाचायचंय.

तुझाच,
सुधीर