आधी जाऊन ये

प्रिय मित्रा,

बाबांच्या तब्येतीचं वाचून जीव थाऱ्यावर राहिला नाही. आणि तू अजून ‘जाऊ की नको’ करतोयस! जपानमधून बाहेर पडलो तर परत येऊ देतील का, ही तुझी धाकधूक मला कळते. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात तसं घडलंच होतं. बंदी घातलेल्या देशांतून परतणाऱ्या परदेशी रहिवाशांना, अगदी कायमच्या रहिवाशांनासुद्धा, दार बंद झालं; जपानी नागरिक मात्र येत होते. घर, मुलं, नोकरी इथे आणि आपण बाहेर, अशी कित्येकांची स्थिती झाली. आई-वडील आजारी असूनही निघायची हिंमत न झालेली माणसं होती. तो अन्यायच होता. पण ती बंदी आता नाही. तू जा.

जाताना एवढं सांभाळ. २०१२ च्या जुलैपासून वर्षाच्या आत परतणाऱ्याला आधी वेगळा परवाना काढावा लागत नाही, पैसेही पडत नाहीत. वैध पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड (इथल्या परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र) पुरतं. फक्त विमानतळावर निघताना एक छोटा फॉर्म भरायचा. त्यावर ‘तात्पुरता बाहेर जातोय, परत येणार आहे’ अशा अर्थाचा चौकोन असतो, त्यात खूण कर. मन ठिकाणावर नसताना हीच खूण राहून जाते, आणि मग राहण्याचा हक्कच जातो. फॉर्म आणि कार्ड अधिकाऱ्यापुढे एकत्र ठेव आणि परत येणार असल्याचं तोंडानेही सांग.

वर्ष म्हणजे वर्ष. बाहेर राहून ते वाढवून मिळत नाही. त्याआधी तुझ्या इथे राहण्याच्या परवानगीची मुदत संपत असेल, तर तीच शेवटची तारीख. बाबांजवळ जास्त राहावं लागेलसं वाटलं, तर निघण्यापूर्वीच इमिग्रेशन ऑफिसात जाऊन नेहमीचा री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याचा वेगळा परवाना, काढ.

परतताना चेक-इन काउंटरवर पासपोर्टातला जुना, वापरून झालेला व्हिसा बघून कुणी अडवलं तर गडबडू नकोस, कार्ड दाखव. ते सामानात टाकू नकोस, खिशात ठेव. इथे उतरल्यावर बोटांचे ठसे आणि फोटो घेतील. वर्षानुवर्षं इथे कर भरणाऱ्यालाही दरवेळी ते द्यावे लागतात, हे मला अजून खुपतं. पण तेवढ्यासाठी थांबू नकोस.

तिकीट काढलंस की लगेच कळव. घराची किल्ली माझ्याकडे ठेव, टपाल मी बघेन. बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
मित्र