अण्णा, दुसरी उडी खरंच मोजतात हो

बर्मिंगहॅम, ५ ऑगस्ट २०२२

ती. अण्णा आणि ती. माय यांना साष्टांग नमस्कार,

बारक्या, हे तू मोठ्याने वाचून दाखव, माय चष्मा शोधत बसेल आणि अण्णांना मोबाईलवरचं बारीक दिसत नाही. आणि मधलं काही गाळू नको, एकदोन ठिकाणी तुला वाचताना कसंतरी होईल तरी गाळू नको. फोनवरच सांगणार होते पण फोनवर माय लगेच रडायला लागते आणि अण्णा "बरं ठेव आता, बिल वाढतं" म्हणतात, व्हॉट्सअपचं बिल येत नाही हे त्यांना किती वेळा सांगून झालं. म्हणून लिहितेय.

काल कॉमनवेल्थला जाऊन आलो. ह्यांनी तिकिटं कधीची काढून ठेवली होती आणि मला शेवटपर्यंत वाटत होतं की क्रिकेटची असतील, तर निघाली ॲथलेटिक्सची. मी शिफ्ट बदलून घेतली, परीला डब्यात भाकरीचा रोल करून दिला आणि आम्ही तिघं शिवाय शेजारची केरळची बाई असे बसने गेलो. स्टेडियम पेरी बार नावाच्या भागात आहे, अलेक्झांडर स्टेडियम, तीसेक हजार माणूस मावेल एवढं केलंय. बसमधून उतरल्यावर चालत जायचं तर एवढी गर्दी की मला सखाराम महाराजांची यात्रा आठवली, फक्त इथे कोणी धक्का मारत नाही आणि मारलाच तर स्वतःच सॉरी म्हणतात. गेल्या आठवड्यात गावात तो उद्घाटनातला मोठा लोखंडी बैल पण बघितला होता, दहा मीटर उंच, डोळे लाल, मान हलवतो. परी म्हणे याचा पोळा कधी. म्हटलं चार आठवडे आहेत अजून, पण याच्या शिंगांना बेगड लावायला कोणाचा हात पुरेल बाई.

रात्रीचे नऊ वाजले तरी इथे उजेड असतो हे मायला अजून पटत नाही. काल खरंच तसाच उजेड होता, थंडी पण होती, ऑगस्टमध्ये स्वेटर. आणि हेच लोक गेल्या महिन्यात इंग्लंडात पहिल्यांदाच ४० च्या वर पारा गेला तर हाय खाऊन बसले होते, रेल्वे बंद केल्या. जळगावला मे महिन्यात आणून बसवलं पाहिजे एकेकाला.

तर मुद्द्यावर येते. काल पुरुषांच्या लांब उडीची फायनल होती. अण्णा, तुमच्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटलेली म्हणजे तुम्ही झोपलेले असणार, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

आपले दोघं होते, मुरली श्रीशंकर आणि मुहम्मद अनीस याहिया, दोघं केरळचे, म्हणून तर शेजारची बाई आली होती. श्रीशंकरने मंगळवारी नागपंचमीच्या दिवशी क्वालिफाइंगला पहिल्याच उडीत ८.०५ मारलेली, आठ मीटरच्या पुढे गेलेला तो एकटाच. त्यामुळे आम्ही सगळे सोनं आलंच असं धरून बसलो होतो. त्या बाईने तर मला त्याची कुंडलीच सांगितली, वडील मुरली स्वतः तिहेरी उडी मारायचे आणि तेच त्याचे कोच, आई ८०० मीटर धावायची. मी म्हटलं माझे वडील पण पीटीचे सर. ती म्हणाली मग तू का नाही उडी मारली. मी काही बोलले नाही, पॉपकॉर्न खात बसले.

पहिली उडी ७.६०. दुसरी ७.८४. तिसरी परत ७.८४. आणि तिकडे बहामाच्या लाक्वान नेर्न नावाच्या पोराने दुसऱ्याच उडीत ८.०८ मारून ठेवलेली. आमची जागा खड्ड्यापासून लांब होती, निम्मं स्क्रीनवरच बघायचं, पण मी स्क्रीन सोडून खड्ड्याकडेच बघत होते, कारण तिथे प्रत्येक उडी झाली की दोन पोरं दताळं घेऊन यायची आणि वाळू सारखी करायची. ओलसर वाळू, तुम्ही घागरीने पाणी मारायचात तशीच. मला एकदम आपल्या शाळेमागचा खड्डा दिसला. बोरी नदीची वाळू आणायची, आम्ही पोरींनी घमेल्याने टाकायची, आणि तुम्ही हाफ पॅन्टीवर दताळं फिरवत ओरडायचे की खडे वेचा गं, गुडघे फुटतील. आणि फळीच्या पुढे तुम्ही काळी माती भिजवून थापायचे, अंगठ्याने गुळगुळीत करायचे, बुटाचं टोक उमटलं की फाउल. बूट कुठले, आम्ही अनवाणीच असायचो, अंगठा उमटायचा. एकदा तुम्ही म्हणाले होते मला पंधरा पोरींचे अंगठे ओळखू येतात, तलाठ्यापेक्षा जास्त.

इथे आता ती माती पण नाही आणि तिच्या जागी मोठ्या स्पर्धांना लावतात ते प्लॅस्टिसिन पण नाही, कॅमेऱ्यावर बघतात. आणि गेल्या नोव्हेंबरपासून नियमच बदललाय, खाली काही उमटलं पाहिजे असं नाही, पाय फळीवर असताना बुटाचं टोक रेषेच्या पुढे नुसतं हवेत गेलं तरी फाउल. तुम्ही असता तर म्हटले असता की हे जास्तच झालं.

ते का सांगतेय, तर श्रीशंकरची चौथी उडी. ती गेली ना अण्णा, ती खूप लांब गेली, वाळूत पडल्या पडल्या सगळं स्टेडियम ओरडलं, आमच्या बाईने माझा दंड धरून असा पिळला की आज निळा झालाय. आणि फाउल. अगदी जरासा, नखाएवढा म्हणा. मग पाचव्या उडीला तो परत धावत आला, टाळ्यांचा ठेका सुरू होता, परी पण वाजवत होती तिला काही कळत नव्हतं तरी, आणि ८.०८. म्हणजे साडेसव्वीस फूट. आपल्या ओट्याच्या कडेपासून निंबाच्या झाडापर्यंत धरा. स्क्रीनवर आकडा आला, बरोब्बर नेर्नएवढा, एक सेंटीमीटर इकडे नाही की तिकडे नाही. आम्ही नाचलो. आणि यादी आली तर वर नेर्न, खाली श्रीशंकर.

बाई म्हणे हे काय, सारखंच आहे तर दोघांना सोनं द्या ना. ह्यांनी पण मान हलवली. मागच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ होते, कार्डावर पेन्सिलने सगळ्यांच्या सगळ्या उड्या लिहीत होते, ते पुढे वाकून म्हणाले की बरोबरी झाली की दुसरी सगळ्यात चांगली उडी बघतात. नेर्नची दुसरी ७.९८, याची ७.८४.

अण्णा, मी जागच्या जागी खाली बसले.

बारक्या आता तू लहान होतास म्हणून तुला सांगते. २००६ ला मी नववीत होते, तालुक्याच्या स्पर्धा, अमळनेरला. माझी आणि पलीकडच्या गावच्या एका पोरीची ४.२१ वर बरोबरी झाली. खड्ड्यावर लिहायला अण्णाच होते कारण पीटीचे सर कमीच यायचे. बाकीचे सर म्हणाले चिठ्ठी टाका, कोणी म्हणालं दोघींना पहिला द्या, आणि अण्णांनी वही उघडली, चष्मा वर केला, आणि म्हणाले बरोबरी असली की दुसरी उडी बघायची असते, तिची जास्त आहे, पहिला नंबर तिचा. कोणी विचारलं पण नव्हतं हो! सगळे गप्प बसले होते, तुम्ही पण गप्प बसला असता तर काय झालं असतं. मला वाटलं की हा नियम तुम्ही तिथल्या तिथे तयार केला, सरांची पोरगी म्हणून जिंकली असं लोकांनी म्हणायला नको म्हणून. घरी येताना एसटीत मी वेगळ्या सीटवर बसले. माय दारातच "काय व्हयनं?" म्हणाली आणि सगळं कळल्यावर "मनी पोर पहिली उनी व्हती" एवढंच म्हणत राहिली, त्या रात्री अण्णांना भाजीत तिखट जास्तच पडलं होतं. मी आठ दिवस बोलले नाही. पुढच्या वर्षी दहावी म्हणून उडी सोडली असं सगळ्यांना सांगितलं. दहावीचं काही नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल सोळा वर्षांत एकदा गुगल करून बघायचं ना. खरं आहे. पण ज्याला भांडण चालू ठेवायचंय तो गुगल करत नाही.

मी त्या म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं की हा नियम नवीन आहे का, कॅमेऱ्यासारखा. ते हसले, म्हणाले मी शाळेत होतो तेव्हापासूनचा आहे. आणि दुसरी पण सारखी निघाली तर तिसरी बघतात, मग चौथी, म्हणून तर सगळ्या लिहायच्या असतात. तुम्ही पण सगळ्या लिहायचे. आम्ही पोरी हसायचो की सर फुकट शाई घालवतात, जास्तीत जास्त लिहिली की झालं की.

आणि एक गंमत. परवाच आपल्या तेजस्विन शंकरला उंच उडीत कांस्य मिळालं, २.२२ मीटर, त्याच उंचीवर अडकलेले आणखी दोघं होते, पण याने प्रत्येक उंची पहिल्याच प्रयत्नात मारलेली म्हणून मेडल याचं. तेव्हा आमच्या ऑफिसातला एकही भारतीय म्हणाला नाही की वाटून द्या. काल आपल्या विरुद्ध गेला तर सगळे नियमावर घसरले, मी पण.

तसं रौप्य काही कमी नाही म्हणा. लांब उडीत पुरुषांना याआधी एकच मेडल होतं कॉमनवेल्थचं, १९७८ ला एडमंटनला सुरेश बाबूंचं कांस्य, हे मला ह्यांनी घरी येताना वाचून दाखवलं. रौप्य पहिलंच. तिसरा दक्षिण आफ्रिकेचा व्हॅन व्ह्यूरेन ८.०६ वर, म्हणजे तीन सेंटीमीटर कमी पडले असते तर श्रीशंकर तिसरा. अनीस ७.९७ मारून पाचवा, त्याच्याकडे कोणी बघितलं पण नाही, मला फार वाईट वाटलं त्याचं. आणि सांगलीच्या संकेत सरगरचं तर तुम्ही पेपरात वाचलंच असेल, वेटलिफ्टिंगला ५५ किलो गटात त्याने २४८ किलो उचललं आणि सोनं २४९ वर गेलं, कोपर दुखावलं तरी तो शेवटचं वजन उचलायला गेला. उद्या बीडच्या अविनाश साबळेची तीन हजार मीटर स्टीपलचेस आहे, ती टीव्हीवर बघा, बारक्या अण्णांना लावून दे, लाईट गेली तर मोबाईलवर.

तुमच्या कपाटाच्या दाराला आतून अंजू बॉबी जॉर्जचा फोटो चिकटवलेला होता ना, २००३ ला पॅरिसला तिने ६.७० मारून कांस्य आणलं तेव्हाचा, पेपरातला, पिवळा पडलेला. मी रागात त्याचा एक कोपरा फाडला होता. तुम्ही उंदराने कुरतडला समजून डिंकाने परत लावला होता. तो उंदीर मी.

बाकी सगळं ठीक आहे. परवा रविवारी कानबाई, इथे मी एकटीच काय करणार, पण कणीक मळून छोटे रोट करून बघते, चण्याची डाळ मिळाली सोहो रोडला. माय, रोटाच्या कणकेत तू काय काय घालतेस ते नीट सांग, "अंदाजाने" असं सांगू नको. आजीमायला सांग की हो, तठे पाऊस शे तसा आठे पण शे, रोजच शे. कपाशीवर काय पडलंय म्हणत होता तो फोटो बारक्याने पाठवला पण कळत नाही, जवळून काढ. भाऊबंदकीचं तुम्ही बघून घ्या, मला त्यातलं काही सांगू नका.

आता खरं काम. अण्णा, त्या वह्या अजून आहेत का? लाल पुठ्ठ्याच्या, माळ्यावर कळण्याच्या पिठाच्या डब्यामागे ठेवलेल्या असायच्या. मायने रद्दीत घातल्या नसतील तर बारक्याला वर चढवा आणि २००६ ची शोधायला सांगा, तालुक्याचं पान, मुली, लांब उडी. फोटो काढून पाठव रे, हलवू नको. माझी दुसरी उडी किती होती ते मला बघायचंय. तिची ४.१५ होती असं तुम्ही तेव्हा मोठ्याने वाचलं होतं एवढं मला पक्कं आठवतं, माझा आकडा ऐकायच्या आधीच मी पिशवी उचलून चालायला लागले होते.

आणि अण्णा, माझी जास्त निघाली तर मात्र दिवाळीला येतेय, तेव्हा बघू.

तुमची,
ताई

ता. क. शेजारच्या बाईला बिबड्या फार आवडल्या, कोणी येणार असेल तर एक पुडकं जास्त पाठवा.