चित्रकाराचं नाव कुठे आहे?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

वर्षभरातल्या उत्तम पुस्तकांची यादी आपल्या पुस्तकांच्या पानावर छापून आली, ती मी दोनदा वाचली. कादंबऱ्या आहेत, चरित्रं आहेत, इतिहास आहे, अनुवादांनाही चांगली जागा मिळाली आहे, याचा आनंद वाटला. मुलांची पुस्तकं मात्र या यादीत नाहीत. ती खाली एका चौकटीत आहेत, ‘बाळगोपाळांसाठी’ या मथळ्याखाली, प्रत्येकाला एक ओळ, अशी तीन पुस्तकं. तिन्ही चित्रपुस्तकं. लेखकांची नावं दिली आहेत, चित्रकाराचं एकही नाही. हे पत्र त्या चौकटीबद्दल आहे.

मी 31 वर्षं मुद्रितशोधनाचं, म्हणजे छपाईआधी प्रुफांतल्या चुका शोधण्याचं काम केलं. कायद्याची पुस्तकं, वैद्यकाची पुस्तकं, कथा-कादंबऱ्या, सगळं डोळ्यांखालून गेलं. मुलांची पुस्तकं त्या मानाने कमी यायची, पण आली की ती प्रुफं मी घरी न्यायचे, कारण ती वाचायला शांतता लागते. आता निवृत्त आहे आणि आपल्या आवडीने वाचते, तेव्हा दहातली सहा-सात पुस्तकं मुलांची किंवा कुमारवयीन वाचकांची असतात. ‘नातवंडांसाठी का?’ असं लोक विचारतात. मला नातवंडं नाहीत. मी ती माझ्यासाठी वाचते.

चित्रपुस्तक बहुतेक वेळा 32 पानांचं असतं. एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेल्या सोळा पानांना फॉर्म म्हणतात; असे दोन फॉर्म, एवढा साधा हिशेब आहे. शीर्षकाचं पान, प्रकाशनाच्या तपशिलाचं पान वगैरे वजा केलं की गोष्टीला समोरासमोरच्या पानांच्या बारा ते चौदा जोड्या उरतात. कादंबरीत एखादं प्रकरण चार पानांनी वाढलं तर कुणाचं काही बिघडत नाही. इथे एक पान वाढवायचं म्हटलं तरी वाढत नाही. त्यामुळे लेखकाला, चित्रकाराला आणि संपादकाला प्रत्येक जोडीवर किती सांगायचं, किती दाखवायचं आणि पान उलटेपर्यंत काय दडवून ठेवायचं, हे ठरवावंच लागतं. चित्रातला चेहरा दोन पानांच्या मधल्या घडीत गेला तर डोळा शिवणीत अडकतो, म्हणून ते पाहावं लागतं. ओळ कुठे तोडायची तेही पाहावं लागतं. नुकतं वाचायला लागलेलं मूल ओळीच्या टोकाशी थांबतं, म्हणून अर्थ जिथे थांबतो तिथेच ओळ थांबायला हवी. मोठ्यांच्या पुस्तकात शब्द तोडून पुढच्या ओळीवर नेला तर चालून जातं. मुलांच्या पुस्तकात मी असा एकही शब्द सोडत नसे. आणि दोन ओळींमधलं अंतर कमी पडून वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकला, तर सहा वर्षांचा वाचक तिथे अडखळतोच.

एक प्रसंग सांगते. एका अनुवादित चित्रपुस्तकाची प्रुफं माझ्याकडे आली होती. गोष्टीतल्या मुलीला रात्री कपाटातून खुडबुड ऐकू येते. उजव्या पानाच्या शेवटी ती कपाटाच्या दाराला हात लावते आणि पान उलटलं की आत कोण आहे ते कळतं. अनुवादात वाक्यं जरा लांबली होती. पुढच्या पानावर मजकूर मावेना, म्हणून अक्षरजुळणीत कुणीतरी तिथलं पहिलं वाक्य उचलून मागच्या पानाच्या तळाशी आणून बसवलं होतं. ‘आत मांजर होतं.’ शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. संगणकाच्या पडद्यावर पानं सुटी सुटी दिसतात, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही आलं नाही. माझी सवय एवढीच, की चित्रपुस्तक असलं की प्रुफं कापून, दुमडून, पिना मारून त्याची डमी करायची आणि ती कुणाला तरी वाचून दाखवायची. शेजारची चार वर्षांची मुलगी आली होती, तिला वाचून दाखवली. त्या पानाशी आल्यावर ‘मांजर आहे’ म्हणाली आणि उठून गेली. पान उलटायचं तिला कारणच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अनुवादकांशी बोलून दोन विशेषणं काढली आणि ते वाक्य परत आपल्या जागी नेलं. नवी डमी घेऊन मी पुन्हा वाचायला बसले. या वेळी तिने माझं मनगट घट्ट धरलं. पान उलटू देईना. ‘थांब,’ म्हणाली. मग दोन्ही हातांनी स्वतः उलटलं, आणि मांजर पाहून एवढ्या मोठ्याने हसली की तिची आई दारात येऊन उभी राहिली. पुस्तक तेच, शब्दही जवळपास तेच. समीक्षकाने लिहावं असं या पुस्तकांत काय असतं, असं मला कुणी विचारलं की मला ते धरलेलं मनगट आठवतं.

अमेरिकी लेखक-चित्रकार मॉरिस सेंडॅक यांचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ हे चित्रपुस्तक 1963 साली आलं. त्याची मांडणी मी किती वेळा न्याहाळली असेल याची गणती नाही. पहिलं चित्र लहानसं, भोवती भरपूर पांढरी जागा. मुलगा खोलीत एकटा पडतो आणि तिथे जंगल उगवू लागतं, तसं चित्र पानागणिक मोठं होत जातं, पान भरून टाकतं आणि समोरच्या पानावर सांडतं. मुलगा अक्राळविक्राळ प्राण्यांच्या मुलखात पोचून त्यांच्याबरोबर धुमाकूळ घालतो, त्या सलग तीन जोड्यांवर तर एकही शब्द नाही. तिथून परतताना शब्द पुन्हा आपली जागा घेतात, आणि शेवटच्या पानावर चित्रच नाही, इंग्रजीतले फक्त पाच शब्द आहेत. मुलगा घरी पोचला आहे, हे त्या चित्र नसलेल्या पानाने कळतं. शब्द आणि चित्रं दोन्ही एकाच माणसाची आहेत, म्हणून इथे चित्रकाराचं नाव गाळण्याची वेळ येत नाही. पण जिथे माणसं दोन असतात, तिथे अर्धी गोष्ट सांगणाऱ्याचं नाव आपण कुठल्या न्यायाने सोडून देतो?

ही खोड जुनी आहे. अमेरिकेत उत्तम बालपुस्तकाच्या लेखकाला न्यूबरी पदक 1922 पासून मिळू लागलं. चित्रकारासाठीचं कॅल्डिकॉट पदक यायला 1938 उजाडलं. हान्स क्रिश्चन अँडरसन पुरस्कार, जो बालसाहित्यातला जगातला सर्वांत मानाचा समजला जातो, तो 1956 मध्ये लेखकांसाठी सुरू झाला आणि चित्रकारांसाठी 1966 मध्ये. म्हणजे जाणत्या संस्थांनाही हे उमगायला एकदा सोळा आणि एकदा दहा वर्षं लागली. वास्तविक मुलांच्या छापील पुस्तकाची सुरुवातच चित्रापासून मानतात. सतराव्या शतकातले शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस यांचं ‘ऑर्बिस पिक्टस’ 1658 साली न्यूरेंबर्गला छापलं गेलं, त्यात चित्रातल्या वस्तूंना आकडे दिले होते आणि त्याच आकड्यांनी शेजारचे शब्द शोधायचे होते. चित्र काढून टाकलं तर ते पुस्तकच उरत नाही.

आता एका बाईंबद्दल लिहिते, कारण त्यांची हकीकत वर्तमानपत्राशी फार जवळची आहे. येला लेपमान या जर्मन ज्यू पत्रकार. नाझी राजवटीत त्यांना देश सोडून इंग्लंडला जावं लागलं. 1945 मध्ये युद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्याच्या सल्लागार म्हणून त्या परतल्या. काम होतं स्त्रिया आणि मुलांच्या प्रश्नांवर सल्ला देण्याचं. शहरं ढिगाऱ्यात होती, अन्नाची वानवा होती. मुलांना अन्न तर हवंच, पण त्याबरोबर पुस्तकंही हवीत, असा त्यांनी आग्रह धरला आणि वीस देशांना पत्रं पाठवली, की तुमच्याकडची उत्तम बालपुस्तकं आम्हाला द्या. मागायचं कुणाकडे, तर कालपर्यंत ज्यांच्याशी युद्ध होतं त्यांच्याकडे. बेल्जियमने आधी नकार दिला, कारण जर्मन फौजा त्यांच्या देशात दोनदा घुसल्या होत्या. लेपमान यांनी पुन्हा पत्र लिहिलं आणि बेल्जियमची पुस्तकंही आली. 1946 मध्ये म्युनिकला या पुस्तकांचं प्रदर्शन भरलं. ते पुढे बर्लिनला गेलं, तेव्हा प्रत्येक मुलाच्या हातात स्वतःचं असं काहीतरी पडावं म्हणून लेपमान यांनी फुलांचा वास घेत बसणाऱ्या फर्डिनंड नावाच्या बैलाची गोष्ट स्वतः जर्मनमध्ये उतरवली आणि तिच्या 30,000 प्रती छापून वाटल्या. चांगला कागद मिळत नव्हता, म्हणून वर्तमानपत्राच्या कागदावर छापल्या. (गोष्ट मन्रो लीफ यांची, चित्रं रॉबर्ट लॉसन यांची.)

त्या प्रदर्शनातल्या पुस्तकांतूनच 1949 मध्ये म्युनिकचं आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उभं राहिलं. 1953 मध्ये झुरिकला लेपमान यांच्याच पुढाकाराने मुलांच्या पुस्तकांसाठीची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. वर म्हटलेला अँडरसन पुरस्कार हीच संस्था देते. इतकं सगळं ज्या पुस्तकांपासून उभं राहिलं, त्यांना मी चौकटीतली पुस्तकं म्हणू शकत नाही.

कुमारवयीन वाचकांची पुस्तकं तर आपल्या यादीत चौकटीतही नाहीत. माझ्या भाच्याचा मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्याला ‘मुलांचं पुस्तक’ म्हणून काही दिलं की तो हात मागे घेतो, आणि मोठ्यांच्या कादंबरीत त्याला स्वतःचं काही सापडत नाही. आईवडील वेगळे झालेल्या एका मुलावरची कादंबरी मी काही न बोलता त्याच्या पिशवीत टाकली. तीन आठवड्यांनी पुस्तक परत आलं. एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. एरवी दुमडलेले कोपरे मला बघवत नाहीत, हा मी तसाच ठेवला आहे. ‘असं आणखी आहे का?’ एवढंच त्याने विचारलं. अशी पुस्तकं का लिहावी लागतात, याचं उत्तर अमेरिकी लेखिका एस. ई. हिंटन यांच्या पहिल्या पुस्तकात आहे. ‘द आउटसायडर्स’ 1967 मध्ये छापलं गेलं तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या, आणि लिहायला बसल्या तेव्हा शाळेत होत्या. आपल्या वयाची मुलं खरोखर जशी जगतात तसं कुणी लिहीतच नव्हतं, म्हणून त्यांनी लिहिलं. प्रकाशकाने नावाची आद्याक्षरंच छापली, मुलगी लिहिते आहे हे कळू नये म्हणून. इथेही अखेर प्रश्न नावाचाच होता.

मुखपृष्ठावर वयोगट छापण्याबद्दलही माझं मत कडक आहे. 2008 मध्ये ब्रिटनमध्ये प्रकाशकांनी तसा घाट घातला, तेव्हा मुलांसाठी लिहिणारे कादंबरीकार फिलिप पुलमन यांच्यासह शेकडो लेखक-चित्रकारांनी जाहीर विरोध केला. बरोबरच केला. ज्या बारा वर्षांच्या मुलाचं वाचन मागे पडलं आहे, त्याच्या हातातल्या पुस्तकावर ‘वय 7 ते 9’ असा शिक्का असेल, तर तो ते चारचौघांत उघडणार नाही.

स्वतंत्र चौकटीमुळे निदान जागा तरी मिळते, असं आपण म्हणाल. न्यूयॉर्क टाइम्सने 2000 सालच्या जुलैमध्ये सर्वाधिक खपाच्या पुस्तकांच्या यादीतून मुलांची पुस्तकं काढून त्यांची वेगळी यादी केली. हॅरी पॉटरच्या भागांनी मुख्य यादीत वरच्या जागा धरून ठेवल्या होत्या आणि चौथा भाग दाराशी होता. वेगळ्या यादीने इतर बालपुस्तकांना उजेड मिळाला, हे मी मान्य करते. पण मोठ्यांच्या पुस्तकांच्या शेजारी मुलांचं पुस्तक बरोबरीने उभं राहिलेलं दिसायचं, ते त्या दिवसापासून बंद झालं. मला ती बरोबरी हवी आहे. मुलांचं पुस्तक यादीत यायचं असेल तर ते कादंबरीशेजारी यावं, त्याची चिकित्सा व्हावी, वाईट असेल तर वाईट म्हणावं. ‘चित्रं आकर्षक आहेत, मुलांना नक्की आवडेल’ या दोन वाक्यांवर भागवू नये. रेषा कशी आहे, रंग का निवडला आहे, अनुवाद तोंडात बसतो का, मोठ्याने वाचताना श्वास कुठे अडतो, हे लिहिणारी माणसं आहेत. त्यांना आपण विचारलेलं नाही.

या पत्रासोबत एका नव्या चित्रपुस्तकाचं परीक्षण जोडलं आहे, बरोबर 400 शब्दांचं. जागा कमी पडली तर कुठलाही परिच्छेद काढावा, माझी हरकत नाही. पहिल्या ओळीत चित्रकाराचं नाव आहे, तेवढं राहू द्यावं.

आपली नम्र वाचक,
एक निवृत्त मुद्रितशोधक